आयुष्य एकच ठेवू या

३ तारीख, मंगळवार

नेटवर्क पुन्हा तुंबलं! दोन्ही ऑफिसांचं काम ठप्प, आणि मला काय झालं — तर आनंद. डोकं ठिकाणावर आहे का माझं? कारण एकच: आता पलीकडच्याला फोन करावा लागणार. पलीकडचा म्हणजे दुसऱ्या शहरातल्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळणारा. वर्षभर नुसता आवाज. व्हिडिओ मीटिंगमध्ये चेहरा दिसतो, तोही कपाळापासून वर.

साहेबांनी मात्र बजावलंय — शुक्रवारपर्यंत धड चाललं नाही, तर दोन ऑफिसं जोडायला आम्ही दोघांनी बसवलेली ही लेबलांची भानगड बंद. सगळं बाहेरची कंपनी बघेल. म्हणजे फोनही बंद.

४ तारीख

सापडत नाही. सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून दिवस काढला. चहा गार, मीही गार.

५ तारीख, गुरुवार

सापडलं!!

नेटवर्कवरून माहिती छोट्या छोट्या पॅकेटांतून जाते, आणि प्रत्येक पॅकेट आपलं आयुष्य बरोबर घेऊन निघतं — एक आकडा. दर मुक्कामाला एकाने कमी. शून्य झालं की खेळ खलास. म्हणून तर रस्ता चुकलेली पॅकेटं कायमची भटकत नाहीत. आमच्या नेटवर्कमध्ये शिरताना पॅकेटवर लेबल चिकटतं, आणि त्या लेबलाला स्वतःचं आयुष्य. मी माझ्या टोकाला लेबलावर नवाकोरा, भरगच्च आकडा टाकत होते. पलीकडचा लेबल काढताना तोच आकडा पॅकेटवर उतरवत होता. म्हणजे मरायला टेकलेलं पॅकेट आत जातं आणि टुणटुणीत होऊन बाहेर येतं! मग एखादं गोल गोल फिरू लागलं की मरायचं नावच नाही. अमर! सगळा रस्ता अमर पॅकेटांनी भरलेला!

मी खुर्चीतच गिरकी घेतली. शेजारच्या अकाउंटंटबाई बघतच राहिल्या.

६ तारीख, शुक्रवार

सकाळी घरूनच फोन लावला. हात कीबोर्डवर, म्हणून स्पीकरवर. ठरवायचं एवढंच होतं — लेबलाचं आणि पॅकेटचं आयुष्य दोघांनीही वेगवेगळं धरायचं की एकच.

तो म्हणाला, "आयुष्य एकच ठेवू या. तुझ्याकडून जेवढं येईल, तेवढंच मी पुढे नेईन."

मी म्हटलं, "चालेल."

आणि एंटर दाबलं. पाचेक मिनिटांत सगळं मोकळं! वळून बघते तर दारात आई. हातात ओले कपडे, डोळे भरलेले. विचारते कशी, मुलगा करतो काय?

हसून हसून पोट दुखलं माझं. तिला पॅकेट, लेबल, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पॅकेटाला 'चालेल' म्हणताना कुणी एवढं लाजतं का गं?" आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

७ तारीख

साहेब खूश. लेबलं राहणार! आईची गंमत सांगायला पलीकडच्याला फोन केला. तो हसलाच नाही.

मी म्हटलं, अरे, तिचा गैरसमज झाला.

"तिचा नाही झाला," तो म्हणाला.