बाबांच्या डाव्या हाताखालचं बटण

४ जाने., अकोला
लकव्यानंतर बाबांना घरी आणून महिना होत आला. उजवा हात पडूनच. बोलणंही गेलं, नुसतं "अं... अं..." जन्मभर देवळात पूजा केलेला माणूस, आता घरच्या देवाकडे पाठ करून खाटेवर बसतो. डाव्या हातात आरती धरली तर घंटा कोण वाजवणार? आई म्हणाली, "मीच वाजवीन ना." त्यांनी मान फिरवली.
परतीच्या गाडीत तेच डोक्यात. घंटेला मोटर लावली तर?

७ जाने., अमरावती
कॉलेजातून आल्यावर बसले. घंटा चालवायच्या कंट्रोलर चिपच्या पिनमधून जेमतेम एलईडी लागेल एवढा करंट, मोटर हलत नाही. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. पिनचा बारीकसा इशारा त्याला, मोटरचा खरा करंट बॅटरीतून. फिरली! थोड्या वेळाने बंद. ट्रान्झिस्टर जळाला. मोटर थांबताना उलटा झटका देते, आणि तो अडवणारा डायोड लावायचा मीच विसरले. वर्गात दरवर्षी हेच घसा कोरडा करून सांगते.

११ जाने.
डायोड लावला, टिकलं. आता मोटर सुरू झाली की बॅटरीचा दाब पडतो, कंट्रोलर रीसेट. मोटरला वेगळी बॅटरी दिली, ग्राउंड, म्हणजे उणे टोक, दोघांचं एकच. जमलं. आता बटण. बाबांचा डावा हात थरथरतो, एका दाबात ते तीनचारदा लागेल. प्रोग्राममध्ये ते सांभाळून घेतलं. एकदा दाबून हात आरतीला मोकळा केला तरी घंटा थोडा वेळ सावकाश हलत राहते, ते वाजवायचे तशी.
आतून नवरा ओरडला, "आरती कोण करून राहिलं?"

१७ जाने., अकोला
बाबांचा डावा हात धरून बटणावर ठेवला. वाजली. घंटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे भरले. वाटलं, झालं!
तर त्यांनी हात काढून घेतला. पुन्हा ठेवायला गेले तर "अं!" रागाने.
आई म्हणाली, "राहू दे. त्याईले मशीनची घंटी नाई आवडत." मी घंटा-बटणाचा डबा उचलायला लागले तर म्हणे, "खाटेपाशी असू दे. एवढं केलं तुनं."
गाडीत काही सुचेना. बाबांना बोलता आलं असतं तर काय म्हणाले असते...

२१ जाने., अमरावती
आईचा फोन. चिडली होती की हसत होती, कळेना.
"तुह्या बाबांनं वात आणला. घडी घडी घंटी! मी कणकीचे हात घेऊन पयत जातो, तं पाणी नको, औषध नको. मले पाहून नुसते हसते."
"मग बटण काढून ठेव ना आई."
"काहून काढू? बिमार पडल्यापासून पह्यल्यांदा त्याईनं मले हाक मारली."
फोन ठेवल्यावर लॅबच्या पायरीवर बसले.

२५ जाने., अकोला
आई भाजी निवडता निवडता, "मले बी एक करून दे. सैपाकघरात दाबलं की त्याईच्या खाटेपाशी वाजलं पायजे. मी काय सारखी ओरडत राहू?" वायर मधल्या दारावरून न्यावी लागेल. अजून एक ट्रान्झिस्टर, डायोड. (डायोड!!)
संध्याकाळी आरती आईनेच केली. बाबा पाठ करून. मध्येच घंटा वाजली. आई आरती हातात घेऊन वळली, "काय जी?"
परत वाजली.
तिला हाक होती की देवाला, विचारायची माझी हिंमत झाली नाही. आईने क्षणभर पाहिलं, पुन्हा ओवाळायला लागली. घंटा चालूच राहिली. बाबांचं तोंड अजून भिंतीकडेच.