ह्यांच्या नावाच्या गोळ्या

गुरुवार, ६ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला. कारखान्यात मला मशीनवरून उठवून तपासणीच्या टेबलावर बसवलंय. तुमचा गुडघा कसा आहे?

अकरा महिने पत्र नाही. मी रागावले असं तुम्ही धरून चालला असाल. राग आठवड्यात संपला. लाज उरली.

कपाटातल्या ह्यांच्या पाठीच्या गोळ्या पाहून तुम्ही म्हणालात, "वहिनी, दादा जाऊन दोन वर्षं झाली. मग ही पावती गेल्या महिन्याची कशी?" तर मी तुमचीच बॅग दाराबाहेर ठेवली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

ह्यांच्या मागे उरलेल्या गोळ्यांतली पहिली मी दाढ दुखली म्हणून घेतली होती. दाढ थांबली, आणि हे नसल्याचं दुखणंही थांबलं. गोळ्या संपल्या तेव्हा ह्यांचीच जुनी चिठ्ठी घेऊन औषधवाल्याकडे गेले. तो विचारायचा, साहेबांची पाठ कशी आहे? मी म्हणायची, आहे तशीच. दर महिन्याला त्या काउंटरवर मी ह्यांना जिवंत करून यायची. ते मला आवडायचंही.

तुम्ही गेलात आणि मी सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. चौथ्या दिवशी थरथरत पुन्हा दुकानात. वन्सं, पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी मी, पण गोळ्यांच्या डबीतला माहितीचा घडीचा कागद कधी उघडला नव्हता. त्या दिवशी भिंग घेऊन बसले. एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं, असं स्वच्छ लिहिलेलं.

कागद घेऊन डॉक्टरीणबाईंपुढे बसले आणि सगळं ओकले. त्या म्हणाल्या, शूरपणा नको, कासवाच्या चालीनं जाऊ. आठ महिने लागले. दोनदा घसरले, तेही त्यांना सांगितलं. हे नसल्याचं दुखणं परत आलं, पूर्णच्या पूर्ण. येऊ दे. ते माझं आहे.

शेवटची गोळी घेऊन सहा आठवडे झाले. काल मुद्दाम दुकानात गेले. गर्दी होती. औषधवाल्यानं सवयीनं साहेबांची चौकशी केली.

"ते गेले," मी म्हटलं. "तीन वर्षं होतील. गोळ्या मी खात होते."

आणि ह्यांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. त्यानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली, कान लाल झाले. म्हणाला, "तारीख मीही बघायला हवी होती." मी ती त्याच्याकडून माझ्यासमोर फाडून घेतली आणि बाहेर पडले. वन्सं, सांगते तुम्हाला, लग्नाच्या दिवशीसुद्धा माझी मान एवढी ताठ नव्हती.

तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हाला घालवलं. माफ करा. आता मला हे सगळेच्या सगळे आठवतात, चिडके, घोरणारे, चुकीच्या सुरात शिट्टी वाजवणारे. त्यांच्याबद्दल बोलायला तुमच्याइतकं हक्काचं माणूस मला नाही. या.

पूर्ण शुद्धीत,
तुमची वहिनी