पंपाची अर्थिंग

बाबा,

तुमची पिकअप विकायची ठरली होती. म्हणजे दादाने ठरवली होती. कितीतरी दिवस ती अशोका गार्डनच्या घरासमोर बंद पडून होती. किल्ली फिरवली की स्टार्टर घरघरायचा, पण इंजिन काही चालू होत नव्हतं. मी हॉस्पिटलात पेशंटजवळ बसलेल्या लोकांना जेवणाचे डबे पुरवते. हे तुम्ही गेल्यानंतरचं, त्यामुळे तुम्हाला ठाऊक नाही. गाडी बंद पडल्यापासून डबे रिक्षाने साकेत नगरच्या हॉस्पिटलात जात होते. अर्धे मागे राहायचे, आणि दुसरी फेरी पोचेपर्यंत लोक बाहेरचं काहीतरी खाऊन मोकळे व्हायचे. नवी गाडी घ्यायची माझी ऐपत नाही. ही गेली की माझं काम जाणार आणि पोळ्यांना येणाऱ्या दोघींचंही. त्या रोज सकाळी आल्या की आधी गाडीकडे बघायच्या.

महाराणा प्रताप नगरातून एक मेकॅनिक बोलावला. त्याने फ्यूज बदलला, रिले बदलला, मग टाकीतल्या पेट्रोल पंपाच्या प्लगला मीटर लावलं. पूर्ण बारा व्होल्ट. "मैडम, करंट बराबर आ रहा है और पंप चुप है. पंप गया समझो," म्हणाला. शिवाय या मॉडेलचा पंप आता कुठे मिळत नाही, हेही सांगून गेला. दादाला तेवढंच हवं होतं. फोनवर म्हणाला, "अगं, बाबांची आठवण म्हणून किती दिवस हा खटारा ओढणार आहेस? शनिवारी भंगारवाला येतोय." माझं डोकंच फिरलं. आठवण म्हणून कोणी डबे पोचवतं का? मी म्हटलं, शनिवारपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही, आणि फोन ठेवला.

करंट येतोय आणि पंप गप्प आहे, हे मीही एकदा म्हटलेलं आहे. कॉलेजात होते तेव्हा. कारखान्याच्या क्वार्टरमागचं अंगण, रविवार, तुमच्या हातात चहा. मीटर माझ्याकडे दिलेलं. मी बारा आकडा बघते आणि मोठ्या ऐटीत सांगते की पंप गेला. तुम्ही कप खाली ठेवता. "येतोय ते बघितलंस. परत जातोय का, ते कोण बघणार?" आवाज चढलेला नव्हता, तरी मला रडू आलं होतं. मग तिथेच बसवून समजावलंत. एका वायरीतून करंट पंपात येतो. दुसरी काळी वायर चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने कसलेली असते, ती अर्थिंग. तिच्यातून तो बॅटरीकडे परतला तरच पंप फिरणार. मीटरला करंट लागतो नावापुरता, म्हणून सांधा कच्चा असला तरी मीटर बारा दाखवून आपल्याला बनवतं. खरं कळायचं तर पंपाच्या जागी हेडलाइटचा बल्ब लावायचा, कारण त्याला पेटायला भरपूर करंट लागतो. माझ्या लग्नात आईने पैठणी दिली, आणि तुम्ही वायरी जोडलेला असा एक जुना बल्ब दिलात, बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून. आई तुमच्याशी कितीतरी दिवस धड बोलत नव्हती.

शुक्रवारी डबे रवाना केले, तो बल्ब काढला आणि आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तिला तिथे बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. टाकी गळत नाही ना, पेट्रोलचा वास येत नाही ना, ते आधी पाहिलं. चटई टाकून खाली सरकले, पंपाचा प्लग काढून बल्ब जोडला आणि आईला किल्ली फिरवायला सांगितलं. बल्ब जेमतेम मिणमिणला आणि विझला. मग काळी वायर सोडून दिली आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर थेट बल्बला आणली. पुन्हा किल्ली. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे येणारा करंट ठीक होता, परतीची वाट अडली होती.

बॅटरी सोडवली आणि काळ्या वायरीच्या मागे मागे टाकीच्या वर चासीत कसलेल्या बोल्टपर्यंत गेले. गंजला होता, हलेना. मीही हटले नाही. अंगठ्याची साल गेली तेव्हा कुठे तो फिरला. वायरीच्या टोकाखाली काळ्या रंगाचा जाड थर होता. तुमचा रंग. दरवर्षी खंडेनवमीच्या आधी तुम्ही चासी घासून रंगवायचात, आणि सांध्याखालचं लोखंड चमकेपर्यंत खरवडा म्हणून आमचा जीव खायचात. शेवटच्या वर्षी हात थरथरत होता तरी ब्रश कोणाला दिला नाहीत. तेव्हाच खरवडायचं राहिलं असणार, आणि रंगातून करंट जात नाही. इतकी वर्षं बोल्टच्या आट्यांतून करंट कसाबसा जात राहिला, आणि आता गंजाने तेवढीही वाट बंद केली.

लोखंड चमकेपर्यंत खरवडलं. बोल्ट कसला, पंपाचा प्लग जोडला, बॅटरी लावली. आईने किल्ली फिरवली आणि टाकीत पंप गुणगुणला. किती दिवसांनी ऐकला तो आवाज. मी चटईवरच पडून राहिले. वरून आई विचारत होती की आता पुढे फिरवू का. फिरव, म्हटलं. गाडी चालू झाली.

शनिवारी भंगारवाला आला तेव्हा गाडी डबे घेऊन साकेत नगरला गेली होती. रात्री दादाने विचारलं की एवढं नक्की काय होतं. "गंज," मी म्हटलं. आई शेजारी मेथी निवडत होती. खरवडलेला रंग माझ्या हाताला लागलेला तिने पाहिला होता. तिने मान वर केली नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. बोल्टखाली रंग दिसला तेव्हा मला आधी आनंद झाला. उभ्या आयुष्यात तुमची एक चूक सापडली होती, आणि ती तुम्हाला दाखवायला मी चटईवरून अर्धी उठलेही होते.