साडेअठराशे किलोंचं वळण

९ फेब्रुवारी, रविवार
आज अपमान झाला. शांतपणे लिहितो.
नदीकाठच्या रस्त्यावर ते लांबलचक वळण आहे, तिथे खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य मला मागे टाकून गेला. त्याची गाडी म्हणजे चाकं लावलेला बूट. माझी आठ सिलिंडरची, छप्पर उघडणारी, बॉनेटवर दोन माणसं झोपतील एवढी. वजन साडेअठराशे किलो. वळणावर ती अशी कलली की मागे बसलेली बायको या दारापासून त्या दारापर्यंत घसरली. पुढे सासरे होते, ते डॅशबोर्ड धरून बसले.
पार्किंगमध्ये दंतवैद्य म्हणाला, तुमची गाडी सरळ रस्त्याला फार छान दिसते. हसताना त्याचे सगळे दात दिसले. किळस आली.
निश्चय: सस्पेन्शन बदलायचं. हा ज्या शर्यतीच्या ट्रॅकवर दर महिन्याला मिरवायला जातो, तिथेच त्याला मागे टाकायचं. २७ एप्रिलला ट्रॅक-डे आहे, म्हणजे कोणीही आपली गाडी तिथे पळवू शकतो; त्याचा फॉर्म भरला. सही केली. पुढची पानं वाचण्यासारखी नव्हती.

१० फेब्रुवारी
ऑफिसात चार तास सस्पेन्शनचा अभ्यास. विषय हातात आला. स्प्रिंग कडक, तर गाडी कलत नाही. संपलं! यावर लोक जाडजाड पुस्तकं का लिहितात देव जाणे.

१५ फेब्रुवारी
मेकॅनिककडे. त्याने मला गाडीखाली वाकायला लावून सांध्यांमधले जुने रबरी बुश दाखवले. कुत्र्याने चघळलेल्या चपलेसारखे. त्यातून काळं काहीतरी ठिबकत होतं, ते माझ्या कॉलरवर पडलं. शी!
मग प्रवचन. म्हणाला, साहेब, बुटाच्या खोक्याचं झाकण काढा आणि खोकं पिळून बघा. छप्पर नसलेल्या गाडीचं तसंच असतं. आधी खालून आडव्या पट्ट्या मारून बॉडी घट्ट करू, मग टायर, मग ब्रेक. स्प्रिंगा सगळ्यात शेवटी, त्याही बेताच्या.
मी म्हटलं, आधी स्प्रिंगा. सगळ्यात कडक असतील त्या.
त्याने फडक्याने हात पुसले. याच फडक्याने तो चहाचा ग्लासही पुसतो. अशा माणसाकडून काय शिकायचं!

१ मार्च
सामान आलं. स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, नवे बुश, आणि गाडी कलू नये म्हणून खालून बसवायचा जाड अँटी-रोल बार. घरात ठेवायला जागा नाही म्हणून जेवणाच्या टेबलाखाली. बायकोचा अंगठा ठेचकाळला. ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.
सासरे एक स्प्रिंग हातात घेऊन बघत बसले. चौतीस वर्षं बस चालवली त्यांनी. म्हणाले, जावईबापू, ही ट्रकची का? बसवाल्याला काय सांगणार!

८ मार्च
बसवलं! मेकॅनिकने बिलावर लिहिलं, ‘गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून.’ मत्सर, दुसरं काय.
चारही शॉकॲब्सॉर्बरना एकेक बटण आहे. एकपासून बारापर्यंत फिरतं, एक मऊ, बारा कडक. तो म्हणाला चारवर ठेवा. मी बारावर ठेवलं. बारा दिलेत ते वापरायलाच ना?

९ मार्च, रविवार
सासूबाई गेल्यापासून सासरे घराबाहेर पडतात ते फक्त रविवारी, या गाडीतून. पुढच्या सीटवर बसून नदीपर्यंत. छप्पर उघडं हवं, एवढीच मागणी.
आज पहिल्याच गतिरोधकाला त्यांचा चष्मा उडून रस्त्यावर. सुदैवाने काच फुटली नाही. पुढे म्हणाले, रस्त्यावर नाणं पडलेलं असेल तर छापा की काटा, ते सीटवर बसून सांगता येईल.
मी समजावलं की याला रोड-फील म्हणतात.
ते म्हणाले, आमच्या वेळी उभ्या प्रवाशाच्या हातातला चहा सांडला नाही, की वळण बरोबर घेतलं असं समजायचे.
चहा! मी ट्रॅकची गोष्ट करतोय आणि हे चहाची. वैताग.
पण गाडी कलली नाही. लिहून ठेवतो: अजिबात कलली नाही. वळणाबाहेर घसरली, पण सपाट घसरली.

१६ मार्च
सासरे आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. बायकोही घरी थांबली.
एका दृष्टीने बरंच. दोघांचं मिळून सव्वाशे किलो वजन कमी झालं. गाडीत फरक जाणवला.

२३ मार्च
नवे बुश वाजतात. गंजलेलं फाटक कोणी सावकाश उघडावं तसे. दंतवैद्याने जिन्यात विचारलं, गाडीत काही जनावर अडकलंय का?
शिवाय फूटपाथवर एक चाक चढलं की डावं दार बंद होत नाही, आणि जोर लावून बंद केलंच, तर गाडी खाली उतरवल्यावर उघडत नाही. छपराची कडी बोटभर सरकली. पावसाची एक सर आली आणि थेट माझ्या मांडीवर. ओली पँट घालून मीटिंगला बसलो. सगळ्यांनी पाहिलं, कोणी विचारलं नाही. त्याचीच जास्त घृणा वाटली.
मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, खोकं पिळलं जातंय, साहेब. फोन ठेवला.

६ एप्रिल
घरी भांडण. सासरे सकाळी एकटेच बसने नदीवर गेले. बस बदलताना चुकले, दुपारी दोन वाजता उन्हातून चालत आले. बायको म्हणाली, त्यांच्याकडे आठवड्यातला एकच तास होता, तोही तू काढून घेतलास.
मी कागदावर आकृती काढून तिला वजन कसं एका बाजूला जातं ते दाखवलं. तिने कागद घेतला, चार घड्या केल्या, आणि डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवला.
माझी बाजू समजून घेण्याची कुवत या घरात नाही.

२६ एप्रिल
उद्या! पाठ थोडी धरली आहे. रोज कडक गाडीत बसून ती ट्रॅकसाठी तयार होते आहे.
बायको आणि सासरे येणार आहेत. बघायला. माझ्या गाडीतून नाही, दंतवैद्याच्या. त्याने बोलावलं आणि हे निघाले. घरभेदी.

२७ एप्रिल, सकाळी ९.४०
पोचलो. तीन तास. शेवटच्या तासात कमरेत चमक भरली. गाडीतून उतरता येईना. दंतवैद्याने एका बाजूने धरलं, सासऱ्यांनी दुसऱ्या. दंतवैद्याच्या हाताला लवंगेचा वास.

२७ एप्रिल, संध्याकाळ
ट्रॅकच्या तपासनिसाने गाडीभोवती एक फेरी मारली. स्प्रिंगांकडे पाहिलंही नाही. विचारलं, रोल-बार कुठे आहे? मी खाली बोट दाखवून म्हटलं, जाड, अगदी नवा. तो म्हणाला, तो नव्हे. डोक्यामागची लोखंडी कमान. उघडी गाडी उलटली तर डोकं वाचवायला. ती नसेल तर ट्रॅकवर सोडत नाही. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय.
मी म्हटलं, ही उलटणार नाही, ही कलतच नाही. तो पुढच्या गाडीकडे गेला होता.
जेवणाच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन एक सावकाश फेरी मारता येते. तिला कमान लागत नाही. म्हटलं तेवढी तरी. पण डावा पाय क्लचवर उचलेना.
बायको वडिलांना म्हणाली, तुम्ही चालवा.
सासऱ्यांनी आधी दंतवैद्याला खाली वाकवून चारही बटणं तीनवर आणली. मला विचारलं नाही. आरसा नीट केला, सीट पुढे घेतली, बायकोला शेजारी बसवलं आणि निघाले. मी कुंपणाला धरून उभा. प्रत्येक वळणाच्या खूप आधी वेग कमी, मग एकदाच स्टिअरिंग, मग हळूच गॅस. साडेअठराशे किलो असे वळले, जणू कोणी पान उलटावं. शेजारी ट्रॅकवर शिकवणारा उभा होता, तो सँडविच खायचा थांबला. फेरी झाल्यावर त्याने सासऱ्यांना विचारलं, कुठे शिकलात? ते म्हणाले, डेपोत.
बायको हसत होती. तिचे केस सगळे तोंडावर. मार्चपासून पहिल्यांदा हसली.
वेग ताशी चाळीस होता, हे इथे नोंदवणं मला आवश्यक वाटतं.

४ मे, रविवार
जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या. मेकॅनिकने खालून पट्ट्याही मारल्या. निर्णय माझाच. मी पडून होतो म्हणून बायकोने तो त्याला कळवला.
आज नदीवर गेलो. सासरे चालवत होते, बायको पुढे. सिग्नलला स्कूटरवरचा एक माणूस थांबला, गाडी डोळे भरून पाहिली आणि सासऱ्यांना म्हणाला, काका, काय गाडी आहे! तुमची का?
सासरे म्हणाले, हो.
मी मागच्या सीटवर आडवा होतो. पाठ दुखत असल्यामुळे काही बोललो नाही.