अर्धं पोतं

९ मे

प्रिय दादा,

तीर्थरूप वगैरे लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, "मी म्हातारा झालो का?" म्हणून नुसतं दादा. मी बरी आहे. प्रयोगशाळेतला पंखा अजून खडखडतो, साहेब अजून कुरकुरतात आणि मी दिवसभर मातीत हात घालून बसते. चार वर्षांनी तुला लिहितेय, म्हणून अक्षर जरा घाबरलेलं आहे.

आधी एक सांगते, वहिनीवर चिडू नकोस. तिने तुला न विचारता विहिरीजवळच्या भातखाचराची माती पिशवीत बांधून ट्रॅक्टरवाल्याबरोबर माझ्याकडे पाठवली. पिशवीवर शेत कोणाचं ते लिहावं लागतं. मी सवयीने "आपलं" लिहिलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "आपलं म्हणजे कोणाचं गं?"

माती बंद बरणीत ठेवली की तिच्यातले जिवाणू श्वास सोडतात, तो आम्ही मोजतो. इथे वर्षानुवर्षं नुसता युरिया खाल्लेला एक वाफा आहे, आणि शेणखताबरोबर बेतानेच युरिया दिलेला दुसरा. दुसऱ्याचा श्वास जवळजवळ दुप्पट. आपली माती पहिल्याच्या पंगतीला बसली. हवेतला नत्रवायू ओढून भाताला देणारे जिवाणू तर नावाला उरलेत. आयतं ताटात पडत असेल तर हातपाय कोण हलवणार? लग्नाआधी तू होतास, अगदी तसे झालेत.

पण ती मेलेली नाही, दादा. तिच्यात शेणखत आणि कुजलेला पेंढा मिसळून सहा आठवडे ठेवली आणि पुन्हा मोजलं. श्वास वाढला होता. बरणी हातात धरून मी रडले. बाईंना म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

एवढं सगळं वहिनीकडून निरोप धाडूनही कळवता आलं असतं. पत्र त्यासाठी नाही.

वहिनीने पिशवीत एक कागदही घातला होता. बाबांनी कोठाराच्या दारामागे चिकटवलेली चिठ्ठी. मी शेतकी शिकायला गेले त्या वर्षी मीच लिहिलेली. "एकरी युरिया: लावणीनंतर एक पोतं, फुटव्यांच्या वेळी एक, लोंबी धरताना एक." मला लिहायचं होतं अर्धं पोतं. तिन्ही वेळा अर्धं. तो शब्द माझ्याकडून राहून गेला. शेणखताचं तर मी लिहिलंच नाही. लेकीने लिहिलंय म्हणून बाबांनी त्यातला काना-मात्रा बदलला नाही, आणि बाबा अंथरुणाला खिळल्यावर तूही नाही.

आणि चार वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी, सगळ्या नातेवाइकांसमोर मी तुला म्हणाले, "तू माती मारलीस." तुझ्या हातात माझ्यासाठी आणलेला चहा होता. चिठ्ठी अंगणापलीकडे, कोठारात होती. आणून माझ्या तोंडावर फेकायची होतीस! तू कप खाली ठेवलास आणि पंप बंद करायला निघून गेलास. वहिनीने सोबत लिहिलंय, नंतर ती चिठ्ठी काढायला गेली तर तू ओरडलास, "तिचं अक्षर आहे, राहू दे."

हे वाचल्यापासून मला धड जेवण जात नाही.

चूक माझी होती. त्या दिवशी घरात असलेल्या प्रत्येकाला मी हे सांगणार आहे. काकांनाही. पण आधी तुला.

मला घरी यायचंय, दादा. तुझी फार आठवण येते. घोटाभर चिखलात तू पुढे आणि तुझ्या पावलांच्या खड्ड्यात पाय टाकत मी मागे, असं चालायचंय. यंदा खत कमी करायचं आहे, पेंढा जाळायचा नाही. पहिल्या वर्षी पीक थोडं उतरेलही. पण किती, कधी, कसं, हे कागदावर लिहून पाठवायची हिंमत आता माझ्यात नाही. बांधावर उभी राहून तोंडाने सांगेन. तू भांडलास तर ऐकून घेईन.

फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकला की माझ्याने बोलवणार नाही. "ये" एवढंच लिही. नाही लिहिलंस तर तो तुझा हक्क आहे, आणि तरीही मी रोज टपालाची वाट बघेन.

ज्या बहिणीला तू चारचौघांत खोटं पडू दिलं नाहीस,
ती, तुझी धाकटी