निरोगी नमुना म्हणून माझं रक्त

प्रिय रोरीस, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, हे आधी वाच. मेंढ्यांची कातरणी आटोपली का?

प्रयोगशाळेत रोग्याच्या डीएनएशेजारी निरोगी नमुना लागतो, तेव्हा आम्ही आपलंच रक्त देतो. सोमवारी मी दिलं. आम्ही तपासतो त्या आनुवंशिक आजारात डीएनएचा तुकडा वाढून स्वतःवरच दुमडतो. तो माझ्याच नमुन्यात दुमडलेला दिसला!

शेजारी काम करणारी मोआना ओरडली, "वेंधळे, नळ्यांची अदलाबदल केलीस!" तीनदा तपासलं. नळ्या बरोबर होत्या.

बाबांचा झोक जायचा, तेव्हा गाव त्यांना बेवडा म्हणायचं. "घोटही घेतला नाही गं," ते सांगायचे. आपणही हसलो, रोरी.

हातातून कप निसटतात, असं तू मागच्या पत्रात गमतीनं लिहिलंस. कधीपासून?

तुझीच,
टेगन