डाव्या हाताच्या माथी

ता. १९ फेब्रुवारी
सकाळी साडेदहा

प्रिय टिकली,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, म्हणजे फोनवर सांगतो तितके बरे. तुझ्या दवाखान्यातली गर्दी ओसरली का? दुपारचं जेवण वेळेवर होतं ना?

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हातावर बसून लिहितोय, त्यामुळे खांदाही तिरका आणि ओळीही तिरक्या. मोकळा सोडला तर तो कागद ओढतो. पहिला कागद त्याने मघाशीच चुरगाळला.

मेंदूच्या झटक्याला पाच महिने झाले, पण याला अजून माझं ऐकायचं नाही. परवा औषधाच्या दुकानात रांगेत पुढच्या बाईंची पिशवीच धरली त्याने. सोडेना! उजव्या हाताने एकेक बोट सोडवलं आणि तोंडाने माफी मागत राहिलो. बाई म्हणाल्या, "वयाची तरी लाज बाळगा." काय सांगणार त्यांना? बाई, मी नव्हे, हा?

तीस वर्षं तत्त्वज्ञानाच्या वर्गात हेच तर शिकवलं. मन वेगळं, शरीर वेगळं म्हणणारा तो फ्रेंच. त्याला एका राजकन्येने पत्र लिहून विचारलं, की मनाला ना आकार ना वजन, मग ते हात हलवतं कसं? त्याचं उत्तर मला कधीच पटलं नाही, तरी दर वर्षी दहा गुणांना विचारत आलो. मग तो इंग्रज, ज्याच्या मते जितकं आठवतं तितकाच माणूस. मग तो तिसरा, आत डोकावलं तर 'मी' कुठे सापडतच नाही, नुसती जाणिवांची मोळी सापडते म्हणणारा. पोरं माना डोलवायची. मलाही फार शहाणं वाटायचं. आता उजवा हात शर्टाचं बटण लावतो, डावा ते काढतो, आणि तासभर शोधलं तरी यातला एकही गृहस्थ मदतीला येत नाही. चीड येते गं. त्यांची, हाताची, बटणांची.

आई ठीक आहे. मनगटाचं प्लास्टर अजून तीन आठवडे. शिलाईची कामं तिने परत पाठवली. मशीनवर चादर टाकलीय. जाता-येता ती चादर नीट करते, नीट असली तरी.

त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, आजार आहे तो." डॉक्टरांनीही कागदावर तसंच लिहिलंय. तुझी मावशी तेच म्हणाली, खालच्या मजल्यावरचे सुतारकाका तेच म्हणाले. सगळे इतके समजूतदार झालेत की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

तर, आई पडली त्या दिवसाचं.

कॉलेजने माझं निरोपाचं व्याख्यान ठेवलं होतं, हे तुला माहीत आहे. दुपारी तीनला. एकपासून मी कपडे करत होतो. पावणेदोनला शर्ट अंगात गेला, दोन बटणं लागली. तेवढ्यात विभागप्रमुखांचा फोन आला. "सर, वहिनींनी काल कळवलं, तुम्हाला जमणार नाही म्हणून. काळजी घ्या." मला न विचारता तुझ्या आईने परस्पर नाही सांगितलं होतं.

मी तसाच जिन्याकडे निघालो. ती मागून आली.

"अहो, असे उघड्या छातीने कुठे निघालात?"

"कॉलेजात."

"लोकांसमोर हात काहीतरी करेल. हसं होईल. मला नाही बघवणार."

"तुला बघायला कोणी बोलावलंय?"

ती समोर येऊन दोन पायऱ्या खाली उभी राहिली आणि माझी बटणं लावायला लागली. खालून वर, भराभर, तुला शाळेत पाठवताना लावायची तशी. डावा हात कठडा घट्ट धरून होता. माझ्या हातून तिला धक्का लागला आणि मी ढकललं. ती आठ पायऱ्या खाली गेली.

वर्गात मी एक प्रश्न घालायचो. 'हात वर गेला' आणि 'मी हात वर केला', या दोन वाक्यांत फरक काय? पोरं तास संपेपर्यंत भांडायची. टिकली, फरक असतो. मला त्या क्षणी तो ठाऊक होता. ढकलल्यावर एक क्षण बरंसुद्धा वाटलं. मग तिच्या हाडाचा आवाज आला.

उजवा होता तो. माझा चांगला, ऐकणारा हात.

दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत तीच डॉक्टरांना म्हणाली, "यांचा डावा हात, त्याने झालं." आणि मी मान डोलवली. त्यानंतर रोज डोलवतोय. तुझ्याजवळसुद्धा.

पण घरात ते लपत नाही. मी उजव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला की ती अंग चोरते. डाव्याला मात्र खुशाल धरून औषध लावते, त्याच्याशी बोलतेही. काल सकाळी मला राहवलं नाही. म्हणालो, "तो उजवा होता."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी तिथेच होते ना."

"मग खोटं का सांगितलंस?"

"मला याच घरी परत यायचं होतं म्हणून." थोडा वेळ ती प्लास्टरवरची धूळ झटकत बसली. "तुम्ही स्वतःहून कधी बोलता, वाट बघत होते. सतरा दिवस लावलेत."

मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली, बस्स. मग सांगितलं, की ती तुझ्याकडे येतेय, गुरुवारच्या गाडीने. किती दिवस, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "मी येते एवढं तिला मी कळवेन," म्हणाली, "का येते ते तुम्ही लिहा."

म्हणून हे पत्र. तिला घ्यायला स्टेशनावर जा. बॅग उचलू देऊ नकोस. उजवी कूस दुखते तिची, ते ती सांगणार नाही. डॉक्टरांना मी उद्या भेटून कागदावरचं दुरुस्त करायला सांगणार आहे. माझी काळजी करू नकोस. चिडलीस तर चीड, समजूतदार मात्र होऊ नकोस.

पत्र आईला वाचायला दिलं. तिने सगळं वाचलं, जिन्याच्या ओळीवर थांबली आणि म्हणाली, "हे 'माझ्या हातून तिला धक्का लागला' काढा. पुढचं तेवढं राहू द्या."

खाडाखोड नको म्हणून इथेच लिहितो. ती ओळ अशी वाच: मी तिला ढकललं.

तुझा बाबा